‘म्या’ कुठून आला?

‘म्या सांगितलं व्हतं त्येला, आवंदा पाऊस न्हाई म्हनून.’ तिसगावच्या एसटी थांब्यावर, चहाच्या टपरीवर, बाजारात शेळीचा भाव करताना असली वाक्यं दिवसभर कानांवर पडतात. तिथं त्याकडे कुणी वळूनही पाहत नाही. हेच वाक्य पुण्यातल्या एखाद्या वर्गात उच्चारलं, तर आधी मागच्या बाकावरून हसू ऐकू येतं आणि मग दुरुस्ती होते : ‘म्या नाही, मी.’ तिसगावातून शिकायला बाहेर पडलो तेव्हा ही दुरुस्ती माझ्याही वाट्याला आली. मी ती निमूटपणे मान्य केली आणि पहिले दोन महिने वर्गात फारसं बोललोच नाही. दिवाळीला घरी आलो आणि बोलता बोलता ‘मी आणलं’ म्हणालो, तर चुलते म्हणाले, ‘पुनेकर झाला की रं!’ दोन्हीकडे परका झाल्यासारखं वाटलं.

पुढं बऱ्याच वर्षांनी मराठी व्याकरणाची जुनी पुस्तकं चाळत होतो. विभक्तीच्या तक्त्यात तृतीयेच्या घरात ‘म्यां’ आणि ‘त्वां’ बसलेले दिसले. मी अडाणीपणा समजून जे टाकून दिलं होतं ते मराठीचं रीतसर, जुनं रूप होतं. त्या दिवशी आनंद झाला आणि रागही आला. हे प्रकरण त्या दोन्हींतून लिहिलं आहे.

आधी जागा समजून घेऊ. नगरहून (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण एसटीत ‘नगरला एक द्या’ असंच म्हणतात) पाथर्डीच्या रस्त्याला लागलं, की डोंगरावर सलाबतखानाची कबर दिसते. लोक तिला चांदबीबीचा महाल म्हणतात. पुढं करंजी घाट लागतो, मग करंजी आणि मग तिसगाव. या डोंगरांना इथं गर्भगिरी म्हणतात. नकाशात पाहिलं, तर अकोले तालुक्यातल्या हरिश्चंद्रगडाकडून पूर्वेला निघून बीडकडे जाणाऱ्या लांबलचक रांगेचाच हा भाग आहे. सह्याद्रीसारखी उंची इथं नाही. बोडके माथे, मुरमाड उतार, कोरड्या ओघळी आणि मधल्या खोऱ्यांत धरून ठेवलेली शेती, असा हा मुलूख आहे. पण परंपरेनं हे डोंगर नाथांचे आहेत. मढीला कानिफनाथ, सावरगावच्या मायंबावर मच्छिंद्रनाथ, घाटशिरसला वृद्धेश्वर. निवृत्तिनाथांना उपदेश देणारे गहिनीनाथही याच रांगेतले मानले जातात. त्याच निवृत्तिनाथांच्या धाकट्या भावानं इथून उत्तरेला, याच जिल्ह्यातल्या नेवाशात, शके 1212 मध्ये म्हणजे 1290 साली गीतेवरची टीका सांगितली. ज्ञानेश्वरीचा जन्म नगर जिल्ह्यातला आहे ही गोष्ट ‘नगरी भाषा’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांच्या ध्यानात क्वचितच असते.

आता ‘म्या’कडे वळू. प्रमाण मराठीत आपण म्हणतो, ‘तो जातो’, पण ‘त्यानं काम केलं’. भूतकाळात क्रिया एखाद्या कर्मावर झाली, की करणाऱ्याला ‘नं’ हा प्रत्यय लागतो. ‘ती येते’, ‘तिनं पाहिलं’. नियम सरळ आहे. मात्र मी आणि तू यांच्यापाशी प्रमाण मराठी हा नियम सोडून देते. ‘मी जातो’ आणि ‘मी काम केलं’, दोन्हीकडे ‘मी’च. ‘तू जातोस’ आणि ‘तू काम केलंस’, दोन्हीकडे ‘तू’च. करणाऱ्याच्या रूपात फरक दिसत नाही. तिसगावची म्हातारी मात्र हा फरक आजही पाळते. ‘मी जाती’ आणि ‘म्या केलं’. ‘तू जा’ आणि ‘त्वा काय केलं?’ तिच्या बोलण्यात नियम पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच आहे. ज्ञानेश्वरीत ‘म्यां’ आहे, लीळाचरित्रात आहे, तुकोबांच्या अभंगांतही आहे. मुद्रणाच्या काळात प्रमाण लेखनातून तो हळूहळू गळाला. डोंगरात तो टिकला, कारण तिथं त्याला काढून टाकायला कोणी आलं नव्हतं.

म्हणजे ‘म्या’ म्हणणाऱ्याला ‘मी’ म्हणता येत नाही, हा समज उलटा आहे. त्याच्याकडे दोन्ही शब्द आहेत आणि कुठला कुठं वापरायचा हे त्याला पक्कं ठाऊक आहे. ‘म्या जातो’ असं तिसगावात कोणी म्हणत नाही. चित्रपटात आणि विनोदी नाटकात मात्र गावाकडच्या माणसाच्या तोंडी सरसकट ‘म्या’ घातला जातो. लिहिणाऱ्यानं ती बोली ऐकलेली नाही, हे तेवढ्यावरून ओळखता येतं.

दुसरा आरोप ‘ण’चा. ‘पानी’, ‘कोन’, ‘लोनी’ म्हणणारा माणूस अशुद्ध, हे शाळेत इतक्या लहानपणी मनावर ठसतं की मोठेपणी ते तपासून पाहावंसं वाटत नाही. तपासून पाहू. पाणी या शब्दाचं संस्कृत मूळ ‘पानीय’, त्यात ‘न’ आहे. लोणी आलं ‘नवनीत’वरून, त्यातही ‘न’. इथं ‘ण’ झाला तो प्राकृतात आणि तो प्रमाण मराठीनं ठेवला. मग बोलीच शुद्ध आणि प्रमाणभाषा बिघडलेली, असं म्हणायचं का? तेही खोटं ठरेल. कारण ‘बाण’ हा संस्कृतातला ‘ण’ आमच्याकडे ‘बान’ होतो. खरी गोष्ट एवढीच, की या बोलीत एक उच्चारनियम आहे आणि तो सगळ्या शब्दांना सारखाच लागू होतो. एकात ‘न’ टिकला आणि दुसऱ्यात ‘ण’ टिकला यात कोणाची हुशारी नाही आणि कोणाचा अडाणीपणाही नाही.

मग हसू कशाचं येतं? माझं मत स्पष्ट आहे. हसू उच्चाराचं येत नाही, तो उच्चार करणाऱ्याच्या कामाचं आणि गरिबीचं येतं. मुंबईत ‘घाटी’ हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. मुळात त्याचा अर्थ घाटावरचा माणूस, एवढाच. सातारा, पुणे, नगरकडून घाट उतरून माणसं मुंबईत आली ती गिरणीत, गोदीत, हमालीत राबायला. ओझी वाहणाऱ्याच्या मुलखाचं नाव हळूहळू ओझी वाहण्याचं नाव झालं आणि मग अडाणीपणाचं. गोव्यातही हा शब्द घाटावरच्यांना हिणवायला वापरतात. त्याच घाटावरून शिवाजी महाराजांचे मावळे आले आणि त्यांचा अभिमान सगळ्यांनाच आहे. पण मावळ्याचा वारस उद्या समोर येऊन त्याच्याच बोलीत पत्ता विचारू लागला, तर तो घाटी ठरतो.

प्रमाण मराठी ज्या रूपात आपण शिकतो त्या रूपाला फार वर्षं झालेली नाहीत. मोल्सवर्थचा कोश 1831 चा, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण 1836 चं. शाळा उघडायच्या, पुस्तकं छापायची, सरकारी कामं चालवायची तर भाषेचं एक ठरीव रूप हवं होतं. ती गरज खरीच होती. ते रूप ठरवताना पुण्यामुंबईच्या शिकलेल्या माणसांची भाषा हाताशी होती, म्हणून तीच घेतली गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रिअर्सननं भारतातल्या भाषांची पाहणी केली तेव्हाही मराठीचं मोजमाप पुण्याच्या भाषेपासून सुरू झालं. एका बोलीला कारभार मिळाला. तिथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढं कारभाराला गुणवत्ता समजलं गेलं आणि उरलेल्या बोली त्याच भाषेच्या बिघडलेल्या नकला ठरल्या. खरं तर त्या तिच्या बहिणी आहेत, काही थोरल्याही.

3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. दर्जा मिळवताना पुरावे दिले गेले ते जुन्या मराठीचे : शिलालेख, गाथासप्तशती, लीळाचरित्र, ज्ञानेश्वरी. मला त्या दिवशी तिसगावच्या थांब्यावरचा ‘म्या’ आठवला. सातशे वर्षांपूर्वीच्या पोथीत असलं तर अभिजात आणि सातशे वर्षांनी एसटीच्या बाकावर असलं तर गावंढळ, हे कसं चालेल? महानुभावांच्या परंपरेत एक गोष्ट सांगतात. शिष्यांना संस्कृतात ग्रंथ रचायचे होते. नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं, कारण पंथाच्या संस्थापक स्वामींच्या म्हाताऱ्या शिष्यिणींना ते कळलं नसतं. मराठी गद्य उभं राहिलं ते अशा म्हाताऱ्यांना कळावं म्हणून. त्यांच्या तोंडच्या भाषेला आज आपण ‘ग्रामीण’ म्हणतो.

बोलीची खरी श्रीमंती व्याकरणापेक्षाही शब्दांत दिसते आणि शब्द येतात कामातून. गर्भगिरीत जमिनीला नुसती ‘जमीन’ कोणी म्हणत नाही. ती बरड असते, मुरमाड असते, लवणातली असते, वगळीच्या काठची असते. या एकेका शब्दात पीक काय येईल, पाणी किती टिकेल, बैल किती दमतील हे सगळं आलं. पावसाचं तसंच. वळीव वेगळा, झड वेगळी, बुरबुर वेगळी. पाऊस थांबला तर ‘उघाड’ आणि त्यानंतर माती ना चिकट ना कोरडी अशी पेरणीजोगी झाली, की ‘वाफसा’. वाफसा या एका शब्दासाठी शहरातल्या माणसाला अख्खं वाक्य लागतं.

वेळ सांगण्याची रीतही ऐकण्यासारखी आहे. तांबडं फुटायच्या आधी उठायचं. दिस कासराभर वर आला की शेतात पोचलेलं असायचं. कासरा म्हणजे बैलाला बांधायचा दोर. सूर्य क्षितिजापासून किती वर आला हे त्या दोराच्या लांबीनं मोजायचं. संध्याकाळी कडूसं पडलं की गुरं घरी, मग दिवेलागण. माझी आजी घड्याळ वापरायची नाही, पण तिची कुठलीच वेळ चुकायची नाही. शेजारपाजाऱ्यांनी बैल आणि माणसं एकत्र करून एकाचं शेत एका दिवसात नांगरून द्यायचं, याला इर्जिक म्हणतात. ‘इर्जिक’ या नावानं अरुण जाखडे यांनी पुस्तक लिहिलं. जाखडे नगर जिल्ह्यातलेच. गणेश देवी यांच्या पुढाकारानं झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड त्यांनी संपादित केला, तो 2013 मध्ये आला. महाराष्ट्रात किती बोली जिवंत आहेत हे त्या खंडानं सामान्य वाचकापुढं मांडलं. आता डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेच्या साथीनं गावोगाव जाऊन मराठी बोलींचं ध्वनिमुद्रण केलं आहे. त्यात ‘मी केलं’ या साध्या अर्थासाठी महाराष्ट्रभर किती रूपं वापरतात हेही नोंदलं गेलं. ‘म्या’ तर आहेच, ‘मीनं’ही आहे.

आमच्या तालुक्यातल्या बोलीत एक थर मात्र दुःखाचा आहे. पाथर्डी, शेवगाव आणि पलीकडच्या बीडमधून दिवाळीच्या सुमाराला हजारो कुटुंबं ऊसतोडीला जातात. त्यांच्या बोलीत ‘कोयता’ म्हणजे अवजार आणि ‘कोयता’ म्हणजे नवराबायकोची जोडीही. मुकादम ‘उचल’ म्हणजे आगाऊ पैसे देतो तेव्हा हिशेब कोयत्याचा होतो. पती आणि पत्नी मिळून एक कोयता. दोघांतलं एक आजारी पडलं, तर ‘अर्धा कोयता’. फडावरची झोपडी ‘कोपी’, उसाचा हिरवा शेंडा ‘वाढं’. भाषा किती खोलवर माणसाचं जगणं पकडते, याचं यापेक्षा बोचरं उदाहरण मला माहीत नाही. ही माणसं पाच-सहा महिने ज्या मुलखात राहतात तिथं त्यांची बोली त्यांच्याआधी ओळख सांगते. ‘ऊसतोडे आले’ हे कपड्यांवरून कळायच्या आत बोलण्यावरून कळतं. त्या ओळखीला भाव ठरवण्यापासून वर्गात बसण्याच्या जागेपर्यंत सगळं चिकटलेलं असतं. फडावरून अधूनमधून शाळेत येणारं मूल गप्प राहतं ते बुद्धी कमी म्हणून नाही. तोंड उघडलं तर काय होईल हे त्याला ठाऊक असतं.

गर्भगिरीच्याच डोंगररांगेच्या दुसऱ्या टोकाला, पश्चिमेला, अकोले तालुका आहे. तिथं कळसूबाई, 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. तिथल्या घाटघरला नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात. आमच्याकडे मात्र आभाळाकडे बघत जून सरतो. एकाच जिल्ह्याची ही दोन टोकं, त्यामुळे शब्दही वेगळे. तिकडच्या डांगाणात महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती. शब्द राबाचे, आवणीचे, नागलीचे आणि वरईचे. डांगी गुरं तिकडचीच. राहीबाई पोपेरे त्या भागातल्या कोंभाळण्याच्या. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. गावरान बियाणं जपण्याच्या कामाबद्दल 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या देशभर बोलायला जातात आणि आपल्याच बोलीत बोलतात. मला त्यांच्या भाषणातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. बियाण्यांची नावं आणि त्यांचं ज्ञान एकाच बोलीत गुंफलेलं आहे. ती बोली काढून घेतली, तर कोणतं बी कधी, कुठं, कशात राखून ठेवायचं हेही तिच्याबरोबर जाईल. डोंगरातल्या माणसाची जीभ ‘सुधारण्याची’ किंमत मोजताना हे कोणी मोजलेलं नाही.

डोंगरातल्या बोलीनं एखाद्या देशाची प्रमाणभाषा घडवली, असंही जगात झालं आहे. नॉर्वेवर शतकानुशतकं डेन्मार्कचं राज्य होतं, लिहिण्याची भाषा डॅनिश होती आणि नॉर्वेच्या डोंगरांतल्या, खाड्यांकाठच्या बोली गावंढळ समजल्या जात. शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला इवार ओसेन नावाचा माणूस 1840 च्या दशकात गावोगाव फिरला, म्हाताऱ्याकोताऱ्यांचं बोलणं टिपून घेतलं, 1848 ला व्याकरण आणि 1850 ला कोश काढला. त्या बोलींतून त्यानं एक लेखनभाषा उभी केली. 1885 मध्ये तिथल्या संसदेनं तिला दुसऱ्या लेखनभाषेच्या बरोबरीचं स्थान दिलं. आज नॉर्वेत माणूस आपल्या गावच्या बोलीत दूरदर्शनवर बोलतो, संसदेत बोलतो. मराठीला दुसरी प्रमाणभाषा हवी असं मी म्हणत नाही. मुलाला लिहायला प्रमाण मराठी आलीच पाहिजे, तो त्याचा हक्क आहे. पण ती शिकवण्यासाठी घरची जीभ लाजिरवाणी ठरवावी लागते हे खोटं आहे, एवढं नॉर्वेकडे पाहून कळतं.

आपल्याकडे बोलीला मान मिळाला तो आधी कीर्तनात. भगवानगडाच्या आणि गहिनीनाथगडाच्या परिसरात भगवानबाबा, वामनभाऊ यांच्या कीर्तनांना हजारो माणसं बसली. तिथं कोणाला आपली भाषा बदलून बसावं लागलं नाही. मग साहित्यात मान मिळाला. अकोले तालुक्यातल्या धामणगावात जन्मलेल्या दया पवारांचं ‘बलुतं’ 1978 ला आलं आणि महारवाड्यातली बोली मराठी आत्मचरित्राच्या मधोमध येऊन बसली. पडद्यावर हे फार उशिरा घडलं. श्रीगोंद्याकडच्या भाऊराव कऱ्हाडे यांच्या ‘ख्वाडा’नं नगरी बोली जशीच्या तशी ठेवली आणि चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. करमाळ्याच्या बोलीतला ‘सैराट’ 2016 मध्ये आल्यावर शहरातली मुलं ती वाक्यं हौसेनं म्हणू लागली. मी ते ऐकून सुखावलो. थोडा सावधही झालो, कारण चार टाळीची वाक्यं उचलणं म्हणजे ती बोलणाऱ्याला शेजारी बसवणं नव्हे.

इथवर मी आमची बाजू मांडली. पण तिसगावचा माणूस म्हणून आणखी एक सांगणं भाग आहे, नाही तर हा अभिमान अर्धवट राहील.

तिसगावहून मढी जवळच आहे. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत तिथं कानिफनाथांची यात्रा भरते. गाढवांचा बाजार भरतो, लांबलांबून व्यापारी येतात. या ठिकाणाला भटक्यांची पंढरी म्हणतात. गोपाळ, कैकाडी, वैदू, वडार अशा किती तरी समाजांची पालं उतरतात. गोपाळ समाजाला तिथं होळीचा मान आहे. या माणसांच्या आपापल्या बोली आहेत. कैकाडी तमिळच्या जवळची, वडारांची तेलुगूच्या जवळची. त्या डोक्यावरच्या बिऱ्हाडाबरोबर शेकडो मैल फिरल्या आणि तरी टिकल्या. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्या कायद्याखाली अनेक भटके समाज जन्मानंच गुन्हेगार ठरले आणि त्यांच्या आपसातल्या बोलीकडेही चोरांची खूण म्हणून पाहिलं गेलं. कायदा गेला 1952 मध्ये. नजर गेली नाही. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ 1980 मध्ये प्रसिद्ध झालं तेव्हा कैकाडी शब्द मराठी वाचकांच्या घरात शिरले.

पुण्यात आमच्या ‘म्या’ला हसतात. नगर शहरात पाथर्डीच्या बोलण्याला हसतात. आणि आम्ही लहानपणी मढीच्या रस्त्यावर उतरलेल्या पालांजवळ उभे राहून तिथल्या पोरांच्या बोलण्याची नक्कल करायचो. जीभ वळवून काहीबाही आवाज काढायचे आणि पळायचं. ती पोरं आमच्याशी आमच्या बोलीत बोलत, बापाशी त्यांच्या बोलीत, गिऱ्हाइकाशी हिंदीत. आठ-नऊ वर्षांची पोरं, तीन भाषा. त्यांच्या भाषेतल्या एका शब्दाचाही अर्थ विचारावा असं आमच्यापैकी कोणाला सुचलं नाही. आम्ही काढलेले ते आवाज मला अजून आठवतात. त्यांतला कुठला शब्द होता आणि कुठला आमच्या पोरकटपणाचा, हे आता सांगता येत नाही.